हजेरी

सकाळी साडेदहाला आमच्या गल्लीच्या टोकाच्या शाळेतली प्रार्थना संपते आणि मग थोडा वेळ तिकडून काहीच ऐकू येत नाही. त्या शांततेत आत काय चाललं असेल ते मला घरात बसून कळतं. बाईंनी रजिस्टर उघडलं असेल, पेनचं टोपण मागे लावलं असेल आणि एकेक नाव घेत असतील. मी भाजी निवडत असले तरी हात थांबतो आणि कुठल्या तरी जुन्या वर्गाची नावं ओठांवर येऊ लागतात. चेहरे आठवत नाहीत, राहिली आहे ती नावांची चाल. कुठे थांबायचं, कुठल्या दोन नावांत श्वास घ्यायचा, हे सगळं जिभेला पाठ आहे.

एकतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. दिवस सुरू व्हायचा तो हजेरीनं. ‘उपस्थित, मॅडम’ या दोन शब्दांतून मला पुष्कळ कळायचं. कोणाचा घसा बसलाय, कोण रडून आलंय, कोण उपाशीपोटी आलंय. सलग तीन दिवस उत्तर आलं नाही की मी संध्याकाळी त्या मुलाच्या घरी जायची. गैरहजर म्हणजे काळजी, हे समीकरण माझ्यात इतकं खोल रुजलं होतं की ते कधी उलटं होईल असं मला वाटलंच नव्हतं.

पत्त्यावर कोटरा सुल्तानाबाद लिहायचं आणि बोलताना नुसतं कोटरा म्हणायचं, अशी आमच्या वस्तीची रीत. रिक्षावाल्याला सांगायचं झालं तर नेहरू नगरच्या अलीकडे की पलीकडे, एवढं पुरतं. आमचं घर मूळचं नागपूरचं. १ नोव्हेंबर १९५६ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि तिच्या मागोमाग फायली, टेबलं, कपाटं आणि कारकून आले. त्या कारकुनांत माझे वडील होते. तात्या टोपे नगरच्या सरकारी क्वार्टरात आमचं बालपण गेलं. बाहेर हिंदी, आत मराठी. शाळेत घालायच्या आधी आईनं मला पाटीवर मुळाक्षरं गिरवून घेतली, ती तिच्या पद्धतीची. त्यामुळे माझा ल मराठी राहिला, मधल्या छोट्या दांडीला दोन्हीकडे दोन वाट्या लटकवलेला. हिंदीतल्या ल ची दांडी उजवीकडे उभी असते. आकडे शिकवणाऱ्या बाईला कोण विचारणार तिचा ल कसा आहे? तसं एकतीस वर्षं कोणी विचारलंही नाही.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात ओळखीतल्या एकीनं विचारलं, तुरुंगातल्या बायकांना अक्षरं शिकवशील का, आठवड्यातून दोन दिवस? मी हो म्हटलं. का म्हटलं याचं धड उत्तर माझ्याकडे आजही नाही. वर्गाशिवाय दिवस फार लांब वाटत होता, हे त्यातलं खरं कारण असावं.

कोटऱ्याहून तो तुरुंग म्हणजे शहराचं दुसरं टोक. डेपो चौराहा, रोशनपुरा, पॉलिटेक्निक, कमला पार्क, मग डाव्या हाताला मोठा तलाव घेत लालघाटी आणि त्याच्याही पुढे. तलावाच्या काठानं जाताना मी मनात पाठाची तयारी करायची, जशी शाळेत जाताना करायची. फाटकापाशी मोबाइल, पर्स, केसातली टोकदार पिन, सगळं काढून ठेवायचं. नाव लिहायचं, वेळ लिहायची, सही करायची. मग एक दार, त्यानंतर दुसरं. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. त्या दोन दारांमधले काही क्षण उभं राहण्याची सवय मला अजून झालेली नाही.

पहिल्या दिवशी बराकीपुढच्या ओसरीवर पंचवीसेक बायका जमल्या होत्या. काहींच्या मांडीवर मुलं होती. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर आत राहू शकतं, सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली त्याबद्दल नियमही घालून दिले आहेत, हे मी वाचलं होतं. वाचणं वेगळं. एक दोन वर्षांचं पोर माझ्या साडीचा काठ धरून उभं राहिलं तेव्हा त्याला उचलून घ्यावं की नाही, हेच मला ठरवता येईना.

प्रहरीबाईंनी दिलेल्या यादीवरून मी नावं घ्यायला सुरुवात केली. एकतीस वर्षांची सवय, दुसरं काही सुचलंच नाही. पहिलं नाव घेतलं आणि समोर हालचाल झाली. सगळ्या बायका उठून दोन-दोनच्या जोड्यांत, एकामागे एक, उकिडव्या बसल्या. मुलांना मांडीवर ओढून घेतलं, पदर डोक्यावर घेतले, मान खाली घातली. क्षणापूर्वी ओसरीवर गोंगाट होता. मी चौथं नाव घेईपर्यंत तिथं माझ्याशिवाय कोणाचाच आवाज नव्हता.

गिनती. सकाळी बराक उघडताना गिनती, संध्याकाळी बंद होताना गिनती, मध्ये कधी वाटलं तर पुन्हा. माझ्या तोंडची हजेरी त्यांच्या कानांना गिनतीच वाटली. हातात कागद धरून कोणीतरी नावं वाचतंय आणि आपण तेवढ्याच आहोत ना हे बघतंय. शाळेत ज्या गोष्टीनं मी मुलांना जवळ घ्यायची, नेमकी तीच गोष्ट इथं मी एखाद्या शिपायासारखी करत होते.

यादी मी घडी करून ठेवून दिली. पुढच्या खेपेला कोरे कागद आणि रंगीत खडू नेले. म्हटलं, आल्यावर जिला जमेल तिनं आपलं नाव लिहायचं. जिला येत नसेल तिला मी लिहून देईन, तिनं ते बघून खाली उतरवायचं. नावाऐवजी फूल काढलं तरी चालेल. त्या दिवशी कागदावर सहा नावं आणि एकोणीस फुलं उमटली. एकीनं पाकळ्यांत ठिपके भरले होते, एकीनं कुंडी काढली होती, एकीनं फुलाच्या जागी घाईघाईनं अंगठा रंगात बुडवून उमटवला आणि मग माझ्याकडे बघून हसली.

ते कागद माझ्याकडे आहेत. हजेरीपत्रक म्हणून ते कुठल्याही कचेरीत चालणार नाहीत.

*

अक्षरं कशी शिकवतात ते मला येत नव्हतं. गणित शिकवणं वेगळं. तिथं पुढचा माणूस लहान असतो आणि बेरीज दोघांनाही मान्य असते. ‘अ से अनार’चं पुस्तक उघडलं तेव्हा चाळिशीतली एक बाई शांतपणे म्हणाली, “दीदी, अनार तो हमने बेचा है.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, माहिती होती. तराजूवर डाळिंबं तोलून पोरं वाढवलेल्या बाईला मी डाळिंबाचं चित्र दाखवून हे काय आहे म्हणून विचारत होते. पुस्तक मिटलं आणि विचारलं, तुम्हाला कुठला शब्द वाचता यायला हवा?

मला वाटलं ‘घर’ म्हणतील. दोन अक्षरं, मात्रा नाही, माझ्या मनात तो शब्द तयारच होता. कोणी घर म्हणालं नाही. मागून आवाज आला, “तारीख.”

कोर्टाची तारीख. देशातल्या तुरुंगांत चारांपैकी सुमारे तीन माणसं अशी आहेत की त्यांचा खटला अजून चालूच आहे. शिक्षा झालेली नाही, सुटकाही नाही. त्यांचं सगळं आयुष्य एका शब्दावर टांगलेलं असतं आणि तो शब्द ज्या कागदावर येतो तो कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. वाचणाऱ्यानं चुकीचं सांगितलं तर? घाईत सांगितलं तर? दहा दिवसांचे वीस दिवस झाले तर?

मी फरशीवर खडूनं मोठं लिहिलं. तारीख. मग तोडलं: ता, री, ख. प्रत्येकाखाली त्याची बाराखडी. त ता ति ती, र रा रि री, ख खा खि खी. म्हटलं, आता यातली कुठलीही अक्षरं उचला आणि नवीन शब्द जुळवा. पहिली पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग कोणीतरी ‘तार’ म्हणालं. ‘रात’ आलं. ‘राख’ आलं आणि त्यानंतर जरा वेळ कोणी बोललं नाही. एका म्हातारीनं ‘खीर’ शोधून काढलं तशी सगळी ओसरी हसली, कारण त्या ओसरीवर खीर हा शब्द कोणी कितीतरी दिवसांत उच्चारला नव्हता. भिंतीला टेकून बसलेली एक तरुण बाई आतापर्यंत गप्प होती. ती पुढे सरकली, माझ्या हातातून खडू घेतला, ख वर एक मात्रा दिली आणि शेजारी त लिहिला. खेत. लिहून ती परत भिंतीला टेकली. तिचं शेत कुठं होतं, किती होतं, आता ते कोण कसत होतं, यातलं काही मी विचारलं नाही. आत आलेल्या माणसाला ‘काय केलंत’ म्हणून विचारायचं नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ‘शेत कुठं आहे’ हेही त्याच प्रश्नाचं धाकटं भावंड आहे, असं मला त्या क्षणी वाटलं.

ही पद्धत मी शोधून काढलेली नव्हती, हे मला नंतर कळलं. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरी यांनी १९६३ साली आंजिकोस नावाच्या गावात कष्टकऱ्यांना अशाच रीतीनं वाचायला शिकवलं होतं. त्यांच्या जगण्यातला शब्द घ्यायचा, तो तोडायचा आणि तुकड्यांतून नवे शब्द जुळवू द्यायचे. त्यांचा एक गाजलेला शब्द ‘तिजोलो’ म्हणजे वीट. त्याचे तुकडे करून ते ता ते ती तो तू असं म्हणवून घेत. ती बाराखडीच की! माझ्या आईनं पाटीवर गिरवून घेतलेली. पुढच्याच वर्षी तिथं लष्करी सत्ता आली आणि फ्रेरी यांना तुरुंगात टाकलं. वीट वाचायला शिकवणाऱ्या माणसाला विटांच्या भिंतीआड ठेवलं, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले.

आपल्याकडे शिक्षक आणि तुरुंग हे दोन शब्द शेजारी आले की साने गुरुजी आठवतात. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात सहा वर्षं शिकवून १९३० साली त्यांनी नोकरी सोडली, सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. गुरुजी समोर बसून ते उतरवून घ्यायचे. मला राहून राहून ते चित्र दिसतं. मुलांना सांगण्यात रमलेला, सांगणं हाच ज्याचा प्राण असा शिक्षक, अठरा रविवार काही न सांगता ऐकत आणि लिहीत बसला आहे. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्यांचा तुरुंग वेगळा होता, माणसंही वेगळी, हे मला कळतं. त्या बायकांची आणि सत्याग्रहींची तुलना मी करत नाही. मला दिसते ती समोर मांडी घालून बसलेल्या शिक्षकाची पाठ.

आणि मोठ्यांना शिकवणं म्हटलं की माझ्या मनात दोन दिवे लागतात. एक पुण्यातला. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबून आलेल्या माणसांच्या डोळ्यांत झोप असणार, हातांना घट्टे असणार, लेखणी त्यांत मावत नसणार. तुरुंगातल्या बायकांच्या बोटांत खडू मोडतो तेव्हा मला ते हात आठवतात. दुसरा दिवा ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावचा. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या आजीबाई गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून दुपारी दोन ते चार शिकायला बसतात. वेळ दुपारची, कारण घरची कामं तोवर उरकलेली असतात. शाळेची वेळ विद्यार्थ्याच्या कामावरून ठरवणं, एवढी एक गोष्ट मी एकतीस वर्षांत कधी केली नव्हती. तुरुंगातही वेळ माझ्या हातात नव्हती, पण मुलाकातीच्या दिवशी वर्ग ठेवू नये एवढं मी मागून घेतलं. त्या दिवशी बायकांचं सगळं लक्ष फाटकाकडे असतं. ज्यांना भेटायला कोणी येत नाही त्यांचं तर जास्तच.

माझ्या हातून चूक झाली ती लाल पेनची. तिसऱ्या की चौथ्या महिन्यात एका बाईनं पहिल्यांदा आपलं पूर्ण नाव न बघता लिहिलं. एक वेलांटी उलटी पडली होती. मी सवयीनं लाल पेननं त्यावर काट मारली, बाजूला बरोबर लिहून दिलं आणि पुढच्या वहीकडे वळले. तिनं विचारलं, “नाम काट दिया?” मी म्हटलं, नाही, चूक दुरुस्त केली. ती काही बोलली नाही. पुढचे दोन वर्ग ती आली नाही. तिसऱ्या वर्गाला मी तिच्या बराकीच्या दाराशी गेले. ती म्हणाली, नाव एकदाच लिहिलं होतं हो, आणि तेही काटलं गेलं. गावाकडे रेशनकार्डावरून तिचं नाव काटलेलं होतं, सासरच्या सातबाऱ्यासारख्या कुठल्याशा कागदावर ते कधी चढलंच नव्हतं, हे त्यानंतर हळूहळू बोलण्यातून कळलं. शाळेत किती वह्यांवर मी अशा काटा मारल्या असतील! मुलं बोलली नाहीत, एवढंच. तेव्हापासून लाल पेन मी घरीच ठेवते.

*

पावसाळ्यात वर्गाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “दीदी, भदभदा खुला?” मोठा तलाव भरला की भदभदाचे दरवाजे उघडतात आणि अर्धं भोपाळ ते पाणी बघायला लोटतं. मी तिथून जवळ राहते हे त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्या बातमीची जबाबदारी माझ्यावर. आत पाऊस फक्त पत्र्यावर ऐकू येतो. तलाव किती चढला ते पत्र्यावरून कळत नाही.

एकदा मी तो शब्दच फरशीवर लिहिला. भ द भ दा. दोनच अक्षरं, शेवटी एक काना. ज्यांना चार महिन्यांत स्वतःचं नाव जमलं नव्हतं त्यांनीही तो पहिल्या फटक्यात वाचला आणि मग मोठ्यानं, एका सुरात, पुन्हा पुन्हा वाचला. प्रहरीबाई दारातून डोकावल्या. त्यांनाही हसू आलं. मग मी आकडे घेतले, माझं मूळचं घर. तलाव पूर्ण भरला म्हणजे पातळी किती? १६६६.८० फूट. तीन सहा कसे ओळीनं येतात बघा. दशांश चिन्ह म्हणजे काय, तर फुटाचा एक तुकडा. दरवाजे एकूण अकरा, त्यातले आज चार उघडले, उरले किती? त्यानंतर पाऊस असेल त्या दिवशी मी कोटऱ्याहून निघताना मुद्दाम वाट वाकडी करून धरणाकडे जाते, दरवाजे मोजते आणि आत जाऊन तो आकडा खडूनं लिहिते. मी काय पाहिलं ते सांगायच्या आधी त्या आकडा वाचतात.

आणि गैरहजेरी. नावांच्या कागदावर एखादं नाव, एखादं फूल दिसलं नाही की शाळेतली ती जुनी काळजी पोटात उठते. मी विचारते, अमुक आली नाही? मग कधी उत्तर येतं, बरं नाही तिला. कधी, पेशीला नेलंय. आणि कधी सगळ्या एकदम सांगतात, “छूट गई दीदी! जमानत हो गई!” टाळ्या वाजतात, कोणी डोळे पुसतं, कोणी आपल्या तारखेचा हिशेब बोटांवर करू लागतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा ती बाई बाराखडीत ‘ग’पर्यंत आली होती. मी घरी येऊन वहीत तिच्या नावापुढे काय लिहावं याचा विचार करत बसले. शाळेत अशा वेळी लिहायचे, अभ्यास अपूर्ण. मी तारीख लिहिली आणि पुढची जागा कोरी ठेवली.

बाहेर गेल्यावर ती पुढची अक्षरं शिकेल का? आमच्या घरापासून फार लांब नाही असं भोज मुक्त विद्यापीठ आहे, १९९१पासूनचं. इग्नूची केंद्रं कितीतरी तुरुंगांत आहेत आणि बंद्यांकडून ते फी घेत नाहीत. मुक्त विद्यालयाच्या परीक्षा आहेत. दहावीच्या पुढं आलेल्यांसाठी वाटा आहेत. ‘ग’पाशी थांबलेल्या बाईसाठी बाहेर ओसरी कुठं असते ते मला सांगता येत नाही. तिच्या गावात, तिच्या घरात, तिच्याकडे बघणाऱ्या नजरांत कोणी तिला खडू देईल का, हा विचार मला परतीच्या बसमध्ये तलाव संपेपर्यंत सोडत नाही.

सुटून गेलेल्यांतली एक. तिचं नाव मी सांगणार नाही. त्यात दोन ल होते एवढं सांगते. पहिल्या दिवशी कागदावर मीच तिला तिचं नाव लिहून दिलं होतं, घाईत, आईच्या वळणाचं. ती तेच गिरवत राहिली. काही महिन्यांनी शेजारणीनं तिला टोकलं, “ये कैसा ल है तेरा?” तिनं कागद माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, हा ल आमच्याकडचा आहे, मराठीतला. इथला असा असतो. दोन्ही लिहून दाखवले. म्हटलं, तुला हवा तो घे. तिनं दोन्ही ल बराच वेळ न्याहाळले. वाट्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “यही रहने दो. हाथ को यही आता है.”

ती सुटून आता वर्ष होत आलं. कुठं आहे मला माहीत नाही, विचारायचं कोणाला तेही कळत नाही. आत असताना बोलता बोलता एकदा म्हणाली होती, बाहेर गेले की भाजीची गाडी लावीन, पाटीवर भाव स्वतः लिहीन. संध्याकाळी माता मंदिराकडून कोटऱ्याच्या चढानं येताना हातगाड्या ओळीनं लागलेल्या असतात. कांदे, पालक, भोपळे आणि काडीला खोचलेल्या पुठ्ठ्याच्या पाट्या, त्यावर खडूनं, कोळशानं, स्केचपेननं लिहिलेलं. लौकी, लहसुन, पालक. मी चालता चालता थांबते, वाकून बघते. भाजीवाला विचारतो, “क्या दूँ अम्मा?” मी म्हणते, थांब जरा, आणि पुढच्या गाडीवरचा ल बघते.